पंचांगातला समुद्र

परळी वैजनाथ हे हरिहरांच्या ऐक्याचे क्षेत्र. येथील भाविक श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरी जातो तेव्हा दैवत त्याच्या परिचयाचे असते; अपरिचित असतो तो समुद्र. १७१३ मध्ये पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथांच्या भट घराण्याचे हे कुलदैवत. येथील प्रदक्षिणामार्ग पायऱ्या उतरून थेट सागरकाठच्या खडकांवरून जातो. लाटांनी कोरलेला हा काळा पाषाण आपल्या बालाघाटाप्रमाणेच लाव्हारसातून घडलेला. ओहोटीच्या वेळी त्याच्या खळग्यांत पाणी साठते आणि त्यात खेकडे, शंख, समुद्रफुले यांचा संसार चालतो. भरतीला मात्र हीच वाट सागर आपल्या पोटात घेतो. म्हणूनच प्रदक्षिणा ओहोटीलाच करावयाची, असा दंडक आहे. भक्तीनेही निसर्गाचा क्रम मानावा, हा त्यामागील संस्कार.

हा क्रम जाणण्याचे साधन आपल्या घरातच आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते, हा कोकणातील जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. महाशिवरात्रीच्या चतुर्दशीला साडेदहाची भरती, साडेचारची ओहोटी. चंद्रगतीमुळे भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे शास्त्र त्या साध्या गणितात सामावलेले आहे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाणही पंचांगच सांगते.

आज मात्र पंचांग मुहूर्तापुरते उरले. घाटावरून आलेला पर्यटक ओसरलेले पाणी पाहून निर्धास्त पुढे जातो आणि परतीची वाट लाटा अडवतात. दुर्घटना घडली की प्रशासनावर खापर फोडले जाते. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ प्रत्येक खडकाळ किनाऱ्यावर ठळकपणे लावणे, हे शासनाचे कर्तव्य आहेच. परंतु हे गणित शाळेत शिकवणे आणि सहलीपूर्वी मुलांकडून करवून घेणे, हे समाजाचे काम आहे. हिशेब स्थूल असल्याने, विशेषतः पावसाळ्यात, स्थानिक कोळी बांधवांचा शब्द अखेरचा मानावा.

खळग्यांतील जिवंत शंख आठवण म्हणून उचलणे हाही अविवेकच. प्रवाळ आणि शंखांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. पण तीर्थातील जीव देवाचा मानणाऱ्या समाजाला कायद्याचा धाक का लागावा?

पूर्वजांच्या ज्ञानाचा नुसता जयघोष करून ते टिकत नाही. ते वापरात राहिले, तरच परंपरा जिवंत म्हणावयाची.