वॉटसन हॉटेलचा हिशेब

मुंबईच्या काळा घोडा भागातून जाणाऱ्या पादचाऱ्यास एस्प्लनेड मॅन्शनची जीर्ण अवस्था तेवढी दिसते. हीच वास्तू एके काळी वॉटसन हॉटेल या नावाने मिरवत होती, हे त्यास ठाऊक असतेच असे नाही. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी १८६० च्या दशकात ती उभारली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनचा आल्बर्ट पूल ही त्याचीच कृती. बिडाचे खांब व तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या आणि येथे जोडल्या. इमारतीचा भार भिंतींवर नव्हे, तर या सांगाड्यावर आहे. विटा केवळ मधली जागा भरतात. उत्तुंग इमारतींचे जे तंत्र पुढे जगभर रूढ झाले, त्याचा हा आरंभीचा नमुना होय. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळही येथेच झाला.

कालांतराने हॉटेल बंद पडले, खोल्यांचे गाळे झाले, वकिलांच्या कचेऱ्या आल्या. यात गैर काही नाही; वास्तू वापरात राहिली तरच टिकते. अनर्थ घडला तो हिशेबात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीशी जखडली. टंचाईच्या काळात भाडेकरूस संरक्षण देणे न्याय्यच होते. परंतु तात्पुरता म्हणून केलेला उपाय अर्धशतक चालला. मजुरी, सिमेंट, लोखंड महागले. भाडे मात्र जागीच राहिले. मालकास दुरुस्ती परवडेना आणि दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करणे भाडेकरूस पटेना. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. पण मूळ रक्कमच नाममात्र असता त्या वाढीने काय साधणार? २००५ मध्ये सज्जा कोसळून एकाचा बळी गेला; २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली.

माणसाच्या जिवापुढे कोणतीही वास्तू मोठी नाही. परंतु इमारत पाडल्याने दोष नाहीसा होत नाही. शहरातील असंख्य जुन्या चाळी त्याच दोषाखाली वाकल्या आहेत. वारशाचा लाभ साऱ्या समाजास मिळत असेल, तर त्याचा भार एकट्या मालकावर वा भाडेकरूवर टाकणे अन्याय्य ठरते. दुरुस्तीपुरते भाडे, स्वल्प व्याजाचे कर्ज आणि सार्वजनिक निधी यांची सांगड घालणे अवघड असले तरी अशक्य नाही. जतन करावयाचे तर त्याची किंमत मोजावी लागते. ती वेळीच मोजली नाही, की सज्ज्याखालून जाणाऱ्या एखाद्या निरपराध वाटसरूस ती प्राणाने चुकवावी लागते.