वेग वाढविण्यापूर्वीं ब्रेक

मोटारगाडी ही आतां केवळ श्रीमंतांच्या दाराची शोभा राहिलेली नाहीं. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गांवीं वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांच्या दारांत लहान हॅचबॅक उभी दिसते. तींतून आजी देवदर्शनास जातात, मुलें शाळेस जातात, आणि सुटींत सारें कुटुंब नागपूर गांठतें. अशा घरांतील तरुण मंडळींस गाडी अधिक जोमदार करण्याची हौस अलीकडे लागली आहे. टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाच्या संगणकांतील आज्ञावली बदलली, म्हणजे या मंडळींच्या भाषेंत 'रीमॅप' केलें, कीं तेंच इंजिन पूर्वीपेक्षां बरीच अधिक शक्ति देऊं लागतें. हौसेस आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या घरीं ही गोष्ट झाली आहे किंवा होऊं घातली आहे, तेथील वडील मंडळींनीं एक प्रश्न अवश्य विचारावा: गाडीची धांवण्याची शक्ति वाढली, पण थांबण्याची शक्ति कितपत वाढली?

हा प्रश्न भित्रेपणाचा नसून हिशेबाचा आहे. धांवत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या मानानें ताशी १०० च्या वेगांत ती दीडपटीहून अधिक होते. अकराशें किलो वजनाची गाडी १०० च्या वेगावरून एकदां पूर्ण थांबविली तर जी उष्णता उत्पन्न होते, तिनें स्वयंपाकघरांतील सव्वा लिटर पाणी उकळीस येईल. ही उष्णता ब्रेकांनीं पोटांत घ्यावयाची आणि मग वाऱ्यास द्यावयाची असते. तींतील मोठा वांटा पुढील दोन चाकांवर पडतो, कारण ब्रेक दाबतांच गाडीचा भार पुढें येतो. शक्ति वाढलेली गाडी एकदां हळू झाली तरी पुन्हां त्याच वेगास लवकर पोंचते, म्हणून ब्रेकांस निवण्यास वेळ कमी मिळतो. खरी अडचण ही आहे.

आमच्या जिल्ह्यांत या अडचणीची कसोटी पाहणारे रस्ते पुष्कळ आहेत. नागपूर–तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड यांस जोडीत जातो, आणि त्याच्या रुंद पट्ट्यावर वेग केव्हां वाढला हें कळतही नाहीं. त्याच रस्त्यावर कापसाच्या हंगामांत भरलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या येतात, रात्रीं रोही किंवा रानडुक्कर आडवें जातें. वणीकडे कोळशाचे ट्रक, आणि पुसदहून वाशिमकडे निघालें तर खंडाळ्याचा घाट. ताशी १०० च्या वेगांत सावध चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदांत गाडी सुमारें २८ मीटर पुढें जाते, आणि त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी सुमारें ५० मीटर लागतात.

आतां उपायांकडे वळूं. तरुणांचा पहिला ओढा मोठ्या चकत्या आणि लाल रंगाचे मोठे कॅलिपर यांकडे असतो. परंतु ब्रेक चाकास थांबवितो, आणि गाडीस थांबवितो तो टायर. जोरानें दाबल्यावर ए.बी.एस. जागें होऊन पेडल थरथरत असेल, तर ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपुरता आहेच असें समजावें. मग केवळ मोठ्या चकतीनें एका थांब्याचें अंतर कमी होणार नाहीं. मोठी चकती उष्णता अधिक सामावून घेते, हा तिचा खरा लाभ. तो शर्यतीच्या मैदानावर फार, व नित्याच्या रस्त्यावर थोडा. म्हणून झिजलेले वा जुनाट टायर बदलणें हीच ब्रेकची पहिली सुधारणा होय.

दुसरी सुधारणा ब्रेक ऑईलची. हें ऑईल हवेंतील ओलावा हळूहळू शोषतें. डॉट ४ जातीचें नवें ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास उतरूं शकते. लांब उतारावर ऑईल उकळलें कीं नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबलें जात नाहीं, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळास जातें आणि गाडी मात्र चालूच राहते. सबब दर दोन वर्षांनीं ऑईल बदलावें. डॉट ५ हें सिलिकोनचें निराळें ऑईल असल्यानें तें यांत मिसळूं नये. घाट उतरतांना खालचा गियर ठेवावा, म्हणजे कांहीं भार इंजिन उचलतें.

तिसरी सुधारणा पॅडची. रस्त्याकरितां बनविलेले, पण अधिक उष्णता सोसणारे पॅड घ्यावे. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय नीट पकड घेत नाहींत. सकाळीं गाडी बाहेर काढतांच गल्लींत मूल आडवें आलें, तर ते काय कामाचे? नवे पॅड बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत आठदहा वेळां मध्यम जोरानें वेग उतरवून ते चकतीशीं जुळवून घ्यावे, आणि मग कांहीं अंतर ब्रेक न दाबतां गाडी चालवून ते निवूं द्यावे. चकती ठराविक किमान जाडीखालीं झिजली असल्यास तीही त्याच वेळीं बदलावी.

मागील ड्रम काढून तेथें चकत्या बसविण्याचा मोह मात्र आवरावा. २०१७ सालीं निघालेल्या बलेनो आर.एस. या गाडीस टर्बो इंजिनासोबत मागेंही चकत्या होत्या हें खरें; परंतु तेथें पुढच्या-मागच्या ब्रेकांचा समतोल उत्पादकानेंच ठरविला होता. घरगुती फेरबदलांत तो बिघडून मागचीं चाकें आधीं सरकलीं तर गाडी गिरकी घेते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपुस्तकाशीं विसंगत फेरबदलास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्यास दुजोरा दिला. मूळ मापाचे पॅड, ऑईल आणि टायर बदलणें ही देखभाल होय. इंजिनाची शक्ति वाढविणें हा फेरबदल असूं शकतो. अपघातानंतर विमा कंपनीनें तो पुढें करण्यापेक्षां आधींच परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे चौकशी करावी.

एकत्र कुटुंबांत खर्चाचा क्रम वडील मंडळी ठरवितात. रीमॅपसाठीं पैसे मागण्यास मुलगा किंवा पुतण्या आला, तर त्यास नकार देण्याऐवजीं तीन गोष्टी पुसाव्या: टायर किती जुने, ब्रेक ऑईल केव्हां बदललें, पॅड किती उरले? उत्तरें समाधानकारक नसतील, तर पहिला खर्च तेथें व्हावा, आणि उरलेल्या पैशांत हौस पुरवावी. गाडी एकट्या हौशी चालकाची नसते. मागच्या आसनावर घरांतील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणसें बसलेलीं असतात. त्यांच्या वतीनें हा आग्रह धरणें वाचकांस जड जाऊं नये, इतकीच आमची विनंती.