परमुलखात पोट बिघडलं तर

पूर्वी काशीहून कुणी परतलं की गल्लीत मावंदं व्हायचं. आता शेजारचे आजी-आजोबा बँकॉकला जाऊन येतात आणि आपल्याला पत्ता लागतो तो त्यांनी वाटलेल्या चॉकलेटांवरून. बेळगावकरांना परदेश इतका घरचा झाला आहे. बॅगेत काय भरायचं हेही सगळ्यांना पाठ: भडंग, मेतकूट, लोणचं, कानटोपी. फक्त तिकडे पोट बिघडलं तर काय करायचं, हे कुणी बोलत नाही. हा विषय चारचौघांत काढायचा नसतो म्हणे. माझ्या मते दुखण्यापेक्षा ही लाजच माणसाला जास्त आडवं करते.

गोऱ्या प्रवाशांनी आपल्या राजधानीवरून या दुखण्याला ‘डेल्ही बेली’ असं नाव ठेवलं. तेच लोक इजिप्तला गेले की त्याला ‘फेरोचा सूड’ म्हणतात. आपल्याला वाटतं, आपण इथलं पाणी प्यायलेली माणसं, आपलं पोट दगडही पचवेल. पण तुमच्या पोटाची ओळख इथल्या जंतूंशी. तिकडचे जंतू त्याला नवखेच.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही एका ग्रुपबरोबर इजिप्तला गेलो होतो. सोबत आमच्या थोरल्या वन्सं, वय अडुसष्ट. लक्झरहून आस्वानपर्यंत नाईल नदीतून बोटीचा प्रवास झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बसने अबू सिंबेलला निघायचं होतं. आस्वानपासून जवळजवळ तीनशे किलोमीटर, सगळं वाळवंट. झाड म्हणून नाही, आडोसा म्हणून नाही. बसमध्ये वन्सं गप्प होत्या. मी बाटली पुढे केली की “नको गं, तहान नाही” म्हणायच्या. नाश्त्याचा डबाही उघडला नाही.

अबू सिंबेलला उतरल्यावर चार पावलं चालल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, “अगं, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.” सावलीत बसवलं तेव्हा एकेक बाहेर आलं. आदल्या दुपारपासून सात-आठ वेळा जुलाब झाले होते. खोलीतली जोडीदारीण परकी, म्हणून रात्री दिवा न लावता जात-येत होत्या. आणि वाटेत बस थांबवायला लावायची लाज, म्हणून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. “बसमधली पस्तीस माणसं काय म्हणतील?” हे त्यांचं म्हणणं. त्यातून सकाळी ब्लडप्रेशरची गोळी मात्र न चुकता घेतलेली. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. म्हणजे जुलाबातून पाणी जातंय, गोळी उरलेलं काढतेय आणि आत थेंब जात नाही.

हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. आपल्या बायका प्रवासात पाणी कमी पितात, ते तहान नसते म्हणून नाही, तर ‘जायचं कुठे’ या विवंचनेने. धडधाकट माणसाचं एखाद्या दिवसात निभावतं. जुलाब लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचं निभावत नाही. जीभ कोरडी, सकाळपासून लघवी नाही किंवा अगदी गडद, उठलं की चक्कर, ही चिन्हं दिसली की ‘जरा अशक्तपणा आलाय’ म्हणून सोडून देऊ नये.

टूर मॅनेजरने थंड कोला आणून दिला. चांगल्या मनाने दिला, पण फार गोड पेय आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. माझ्या पर्समध्ये ओआरएसच्या पुड्या होत्या. आता पुडी मोठी असेल तर ती एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. तिकडे हाताशी दीड लिटरची बाटली. तीत एक पुडी ओतली तर पाणी फिकं होतं. म्हणून तिसरा हिस्सा पाणी आधी बाजूला काढलं. मग घोट घोट, दर मिनिटाला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्याने सुरू. गटागटा पाजलं की सगळं बाहेर येतं. वन्संना मधुमेह नाही, पण ज्यांना आहे ते ‘साखर आहे’ म्हणून हे पाणी टाळतात. लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते चवीसाठी नसतं. ग्लुकोज आणि मीठ आतड्याच्या भिंतीतून हात धरून आत शिरतात, त्यांच्यामागून पाणी जातं. एकटं पाणी तितकं शोषलं जात नाही.

हे साधं पाणी किती मोलाचं, ते १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिसलं. पूर्व बंगालमधून आलेल्यांत कॉलरा पसरला होता, सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजायला लावला. शंभरात तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्याही खाली आलं. ते २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २०२३ मध्ये. असो.

पुडी मिळाली नाही तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नये. आणि दुकानातल्या खोक्यातल्या गोड पेयांवर वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ छापलेलं असायचं, त्यांना भुलू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मागून घ्यावी. माणशी चार-पाच पुड्या पुरतात, आणि त्या विमानात टाकायच्या मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या पर्समध्ये.

दुपारी बोटीवर डॉक्टर आले. ब्लडप्रेशर खाली गेलं होतं. त्यांनी ती गोळी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली आणि सलाइनऐवजी पाजणंच चालू ठेवलं. ब्लडप्रेशर, मधुमेह, मूत्रपिंड यांची औषधं घेणाऱ्यांनी ‘जुलाब-उलट्या झाल्या तर यांतली कुठली थांबवायची?’ हा प्रश्न निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून, उत्तर मराठीत लिहून गोळ्यांच्या डबीत ठेवावं. स्वतःच्या मनाने बंद-चालू करू नये.

तोवर बसमधल्या प्रत्येकाने आपापली पट्टी पुढे केली होती. कुणाकडे घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या, कुणाकडे लोपेरामाइड. लोपेरामाइडने जुलाब थोपतात, लांबच्या बसप्रवासात मोठ्या माणसाला ते उपयोगीही पडतं, पण शौचात रक्त असेल किंवा ताप चढला असेल तर ते घ्यायचं नाही, आणि लहान मुलांना तर मुळीच नाही. साधे जुलाब अँटिबायोटिकशिवायच दोन-तीन दिवसांत ओसरतात. ज्याला ते खरोखर लागतं, त्याला कुठलं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. आशियात हिंडणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावं, कारण आपल्या ओळखीच्या नॉरफ्लॉक्स जातीच्या गोळ्यांना तिथले बरेच जंतू आता दाद देत नाहीत.

खाण्यात वन्संनी दोन दिवस भात आणि दही घेतलं. तिथे दह्याला ‘झबादी’ म्हणतात, एवढा एक शब्द आम्हाला पुरला. वर आमचं मेतकूट. उपास करू नये, भूक लागली की मऊसर खावं. कुंदा मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी बॅगेतून काढून वाटणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो दुधाचा पदार्थ आहे हो! बोटीवर एकाला झालं की दहा जणांना होतं, ते बहुधा नोरोव्हायरसने. त्यावर हातावरची जेलची बाटली फारशी चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं.

आणखी एक, दुबईला लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आयांसाठी. पोटाला आवर घालायला जायफळ-खसखस हे आपलं घरगुती औषध. पण खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये ती नेणं गुन्हा आहे. लाडवात घातलेलीसुद्धा नेऊ नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मूळ पट्टीत, चिठ्ठीसकट न्याव्यात. विम्याच्या कागदावरचा फोन नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवावा, आणि डॉक्टरांची पावती फाडून टाकू नये.

परत आल्यावर जुलाब दोन आठवड्यांवर रेंगाळले, रक्त पडलं किंवा ताप आला, तर आपल्या डॉक्टरांकडे जाऊन नुसतं ‘पोट बिघडलंय’ म्हणू नका. कुठल्या देशात, किती दिवस होतो, तेही सांगा. त्यावरून कुठली तपासणी करायची हे ठरतं.