वर्गणी संपल्यावर ग्रंथालयाकडे काय उरते?

१२ ऑगस्ट, म्हणजे ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्मदिवस, या आठवड्यात ग्रंथपाल दिन म्हणून ठिकठिकाणी साजरा झाला. प्रतिमापूजन झाले, १९३१ साली मांडलेल्या त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांची उजळणी झाली आणि ‘आता अख्खे ग्रंथालय मोबाइलमध्ये आले आहे’ हे वाक्य यंदाही व्यासपीठांवरून ऐकू आले. या वाक्यात तथ्य आहे. पण ते ग्रंथालयाची जागा, निधी आणि पदे कमी करण्यासाठी वापरले जाते, तेव्हा त्याची तपासणी करणे भाग पडते.

तथ्य कशात आहे ते आधी पाहू. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा प्रकल्प म्हणून सुरू झालेले, विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे इन्फ्लिबनेट १९९६ मध्ये स्वायत्त केंद्र झाले. २००४ पासून त्याच्यामार्फत विद्यापीठांना परदेशी शोधपत्रिका ऑनलाइन मिळू लागल्या, २०१५ मध्ये विखुरलेल्या योजना ‘ई-शोधसिंधू’मध्ये एकवटल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही राष्ट्रीय वर्गणी योजना सुरू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० शोधपत्रिका आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. १८५७ पासून चालत आलेल्या मुंबई विद्यापीठाने पिढ्यान् पिढ्या जमवलेल्या संग्रहासारखा संग्रह गोंडवानाला कधीच उभा करता आला नसता. आज दोन्हीकडचे संशोधक तोच ताजा लेख एकाच दिवशी उघडू शकतात. हा लाभ मोठा आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे.

या लाभाच्या मोबदल्यात काय सुटले, हे कळण्यासाठी छापील खंड आणि ऑनलाइन वर्गणी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. छापील पत्रिकेचा अंक टपालाने येई, त्याची कार्डेक्सवर, म्हणजे अंकांच्या नोंदपत्रांवर, नोंद होई. न आलेल्या अंकासाठी स्मरणपत्र जाई. वर्ष संपले की अंक बांधणीला जात, पुठ्ठ्याचा खंड तयार होई, त्याला दाखल क्रमांक मिळे, शिक्का बसे आणि तो मांडणीवर जाई. पुढच्या वर्षी अनुदान आटले आणि वर्गणी बंद पडली, तरी आधीचे खंड जागच्या जागी राहत. चाळीस वर्षांपूर्वीचा ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चा खंड आजही कोणाची परवानगी न घेता वाचायला देता येतो, दुसऱ्या ग्रंथालयाला उसना पाठवता येतो.

ऑनलाइन वर्गणीत ग्रंथालयाच्या नोंदवहीत वस्तू दाखल होत नाही. दाखल होतो तो करार. कोणी वाचायचे, कुठून वाचायचे, किती पाने उतरवून घ्यायची, दुसऱ्या संस्थेला प्रत द्यायची की नाही, हे सारे करारातली कलमे ठरवतात. मुदत संपली की दार बंद होते, आणि कायम हक्काचे कलम नसेल तर आधीची वर्षेही त्यासोबत जातात. छापील खंडाला कसर लागते, कागद ठिसूळ होतो, वाचकाला त्याच्यापर्यंत चालत जावे लागते, हे खरे. पण त्याचे रक्षण ग्रंथालयाच्या हातात असते. करारबद्ध लेखाचे रक्षण प्रकाशकाच्या हातात असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उदाहरणातून हा फरक स्वच्छ दिसतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या विद्यापीठाने एल्सव्हियर या बलाढ्य प्रकाशकाशी बोलणी थांबवली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नव्या लेखांची वाट बंद झाली. तरीही विद्यापीठ ठाम राहिले आणि मार्च २०२१ मध्ये आपल्या मागण्यांना जागा देणारा नवा करार त्याने पदरात पाडून घेतला. इतका काळ तग धरता आला, याचे एक कारण असे की जुन्या बहुतेक लेखांवरचा कायम हक्क आधीच्या करारांमध्ये राखलेला होता. ती कलमे वाचणारे आणि त्यांसाठी भांडणारे ग्रंथपाल विद्यापीठाकडे होते. आपल्याकडे वाटाघाटी केंद्रीय पातळीवर होतात. २०२७ नंतर करार वाढला नाही किंवा दर परवडले नाहीत, तर या तीन वर्षांतल्या अंकांवर कोणाचा किती हक्क राहील, हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीने आजच लेखी विचारायला हवा.

दुसरा प्रश्न मराठीचा. या स्तंभात तो वारंवार येतो आणि सुटेपर्यंत येत राहील. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या यादीकडून वाईच्या ‘नवभारत’ या नियतकालिकाची किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाची काळजी घेतली जाणार नाही. ती इथल्याच विद्यापीठांना घ्यावी लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे प्रबंधांच्या डिजिटल प्रती ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंध-भांडारात जमा होऊ लागल्या. त्यांत मराठी प्रबंधही आहेत. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला प्रबंध उघडला, की पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते आणि त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची व चिन्हांची सरमिसळ उमटते. संगणकाच्या लेखी त्या फाइलमध्ये मराठी नसतेच. त्यामुळे त्यातला शब्द शोधून सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानांचीही तीच गत. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे, लेखवार सूची करणे, विषयशीर्षके देणे हे ग्रंथालयाचे आजचे मूळ काम आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाताशी संगणक नव्हता. आज विद्यापीठांकडे सर्व्हर आहेत. त्या तोडीचा संकल्प दिसत नाही, याचे दुःख वाटते.

वाचनकक्षाचेही रूप बदलले आहे. अनेक ठिकाणी तिथे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन बसतात. घरी शांत जागा आणि टेबल नसलेल्यांसाठी ही सोय मोलाची आहे, ती टिकायलाच हवी. मात्र अभ्यासिका भरलेली दिसते म्हणून ग्रंथालय चालू आहे, असे मानता येणार नाही. देवघेव, संदर्भसेवा, लेखशोधाचे प्रशिक्षण आणि संग्रहाची जोपासना होत असेल, तरच ते चालू आहे.

ही कामे माणसे करतात. सेवानिवृत्त ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची, कार्यभार एखाद्या प्राध्यापकाकडे द्यायचा आणि डिजिटल ग्रंथालयाचे उद्घाटन करायचे, ही रीत थांबली पाहिजे. करार वाचणे, अडलेल्या संशोधकाला नेमक्या लेखापर्यंत पोचवणे, बेभरवशाच्या शोधपत्रिका ओळखायला शिकवणे यासाठी प्रशिक्षित ग्रंथपालाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

म्हणून विद्यापीठांनी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वर्गणीत कायम हक्काचे कलम मागावे आणि त्याची नोंद दाखल नोंदवहीइतक्याच काटेकोरपणे ठेवावी. राष्ट्रीय वर्गणीमुळे शोधपत्रिकांवरचा जो खर्च वाचेल, तो अन्यत्र न वळवता मराठी ग्रंथ, नियतकालिके आणि प्रबंध यांच्या जतनावर व सूचीकरणावर लावावा. आणि ग्रंथपालांची रिक्त पदे पूर्णवेळ भरावीत. पुढच्या ग्रंथपाल दिनाच्या भाषणांत या तिन्हींचा हिशेब दिला जावा.