चासी जराशीच बेंड होती...

जुनी मोटरसायकल विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "चासी जराशी बेंड होती, पण काढून घेतलीय. आता एकदम ओके!" ह्या 'जराशी'वर माझा अजिबात विश्वास नाही. का, ते सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वाकलेली चासी म्हणजे भंगार, असं मी मानत नाही. चासी बदलायची तर इंजिनापासून वायरिंगपर्यंत सगळी गाडी खोलावी लागते. शिवाय चासी नंबर आरसीवर असतो, म्हणजे आरटीओच्या फेऱ्या आल्याच. ज्याचा दुधाचा रतीब त्या गाडीवर चालतो त्याला "बदलून टाका हो" म्हणायला आपलं काय जातं? साध्या पोलादी नळ्यांची चासी जाणत्या हातांनी सरळ केली तर पुढे वर्षानुवर्षं चालू शकते.

माझं म्हणणं एवढंच, की 'किती वाकली होती?' हा प्रश्न पुरेसा नाही. कुठे वाकली, कशी वाकली आणि कशाने सरळ केली, हे विचारायला हवं.

कुठे? गाडी समोरून आदळली की बहुतेक वेळा आधी फोर्क वाकतात. धडक मोठी असेल तर हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो ती नळीसुद्धा मागे ढकलली जाते. ती थोडी जरी मागे गेली तरी फोर्क जास्त उभे होतात आणि गाडी चंचल होते. वेगात हँडल थरथरायला लागतं. त्याउलट, सीटच्या मागचा कॅरियरजवळचा भाग तेवढाच वाकला तर चालवताना फारसा फरक पडत नाही. मापाने दोन्ही 'जरासे'च!

कशी? नळीला नुसता बाक आला असेल तर एक वेळ ठीक. पण नळी चेपली असेल, तिला सुरकुती पडली असेल, वेल्डिंगपाशी तडा असेल, तर विषय संपला. लहानपणी आपण तार एकाच जागी मागेपुढे वाकवून तोडायचो ना, तसंच हे. वाकलेल्या जागी पोलाद कडक होतं आणि सरळ करताना त्याची लवचीकता आणखी खर्ची पडते. दिसायला नळी सरळ दिसते, पण पुढच्या खड्ड्याला ती किती टिकेल ते नुसतं बघून कळत नाही.

कशाने? चांगला कारागीर गाडी खोलतो, चासी जिगवर घट्ट बांधतो, माप घेतो आणि जॅकने हळूहळू दाब देतो. दाब काढला की पोलाद थोडं मागे फिरतं, म्हणून ते किंचित जास्त न्यावं लागतं. मग पुन्हा माप. वेळखाऊ काम आहे. घाईतला माणूस सरळ गॅस पेटवतो! लाल झालेली नळी पटकन वाकते खरी, पण हीट ट्रीटमेंट केलेल्या पोलादाची ताकद त्यात निघून जाते. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका, ते लाल न होताच एकदम वितळतं. वरून काळा रंग मारला की सगळं झाकलं जातं.

आणि फोर्कच्या वाकलेल्या नळ्या? त्या सरळ करू नका, असा स्पष्ट इशारा यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच असतो. त्या बदलायच्या.

माझा भाचा सध्या अशीच एक गाडी बघतोय, रोज घाटातून जायला. त्याला सांगितलं, टाकी उतरवून पुढचे जोड बघ. मग हँडल सरळ ठेवून मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत ने. पुढचा टायर अरुंद असेल तर दोन्हीकडे फट राहते, ती साधारण सारखी हवी. नसली तर आधी चेनचे ॲडजस्टर तपास, दोष तिथलाही असू शकतो. (काही मॉडेल्समध्ये कंपनीनेच थोडा फरक ठेवलेला असतो, तेही विचार.) आणि टाकी उतरवायला मालक नाही म्हणाला, तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून दे.

असो. खरं तर हे सगळं शोधून काढायची वेळ घेणाऱ्यावर येऊच नये. चासी सरळ करणाऱ्याने बिलावर चार ओळी लिहाव्यात: कुठे वाकली होती, गॅस वापरला की नाही, शेवटचं माप काय आलं. आणि ते बिल आरसीबरोबर पुढच्या मालकाच्या हातात जावं. विकणाऱ्याचे त्यात चार-पाच हजार कमी होतील, मान्य. पण न सांगता विकलं तर तोच धोका दुसऱ्याच्या घरी जातो, आणि तिथेही गाडी कुणाचा तरी मुलगाच चालवणार असतो.