कोलारची खाण आपण गमावली. जादुगुडाला तरी विसरू नका

डार्क मॅटरची बातमी आपल्या माध्यमांत दोनच रूपांत अवतरते. परदेशी प्रयोगाला काही आढळले नाही, तर ‘शास्त्रज्ञांच्या पदरी पुन्हा निराशा’. त्या प्रयोगाच्या लेखकांमध्ये एखादी भारतीय संस्था असली, तर ‘भारतीय वैज्ञानिकांचा डंका’. पहिल्या मथळ्यात विज्ञानाविषयीचे अज्ञान आहे आणि दुसऱ्यात आत्मवंचना. दुसरे अधिक घातक आहे, कारण त्याच्या आवाजात एक साधा प्रश्न बुडून जातो : हा प्रयोग आपल्या भूमीत का होऊ शकत नाही?

प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी आधी प्रयोगाचे मर्म कळले पाहिजे. विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य आपल्याला केवळ त्याच्या गुरुत्वाकर्षणावरून ठाऊक आहे. ते कणांचे बनलेले असेल, तर त्यातला एखादा कण कधीतरी एखाद्या अणुकेंद्राला धडकेल आणि ते केंद्र किंचित हलेल. हा धक्का मोजायचा कसा? इटलीतील ग्रान सासो पर्वताखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या छायेत, क्रेस्ट नावाचा प्रयोग हेच करतो. त्यात कॅल्शियम टंगस्टेटचा स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर केवळ काही सहस्रांश अंशांवर ठेवला जातो. इतक्या थंडीत स्फटिकाची उष्णताधारकता विलक्षण घटते. तापमान एक दशांश केले, तर ती एक सहस्रांश होते. म्हणून एका कणाच्या धक्क्यानेही स्फटिक अंशाच्या दशलक्षांशाएवढा तापतो, आणि अतिवाहकतेच्या उंबरठ्यावर तोलून धरलेली धातूची पातळ फीत तेवढा बदल टिपते.

एवढ्यावर भागत नाही. त्याच धक्क्याने स्फटिक क्षणभर चमकतोही. इलेक्ट्रॉनला बसलेल्या धक्क्यातून प्रकाश भरपूर निघतो, अणुकेंद्राला बसलेल्या धक्क्यातून फारच थोडा. उष्णता आणि प्रकाश एकाच वेळी मोजले, की नेहमीच्या किरणोत्साराचा गोंगाट बाजूला काढता येतो. एकाच घटनेचे हे दोन साक्षीदार आहेत, आणि त्यांच्या जबान्या ताडून पाहता येतात. या तंत्राचे सारे सौंदर्य त्यात आहे.

एकाच साक्षीदारावर विसंबले की काय होते, हेही ग्रान सासोनेच दाखवले. तेथील डामा प्रयोगाने सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांतील केवळ प्रकाश मोजला आणि दोन दशकांहून अधिक काळ दावा केला, की घटनांची संख्या वर्षाच्या चक्राप्रमाणे, जूनच्या आरंभी वाढते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे डार्क मॅटरचा ‘वारा’ तेव्हाच अधिक वेगाने लागायला हवा. म्हणजे दावा सिद्धान्ताला धरून होता. तो खोडायला तोच पदार्थ आणि वेगळी जागा हवी होती. दक्षिण कोरियात कोसाइन-१०० आणि स्पेनमध्ये अनाइस-११२ उभे राहिले, दोन्ही सोडियम आयोडाइडचे. वर्षानुवर्षे मोजूनही त्यांना ते चक्र दिसले नाही, आणि २०२५ साली दोन्ही गटांनी एकत्रित मांडलेल्या विश्लेषणातही डामाचा दावा टिकला नाही. ऑस्ट्रेलियात स्टॉवेल येथील सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली एक किलोमीटरवर, अशाच प्रयोगाची तयारी आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, म्हणून. याला ‘निराशा’ म्हणणाऱ्यांनी विज्ञानाचा पहिला धडा पुन्हा वाचावा. चुकीचा दावा चुकीचा ठरवणे हीदेखील मिळकतच असते.

या नकाशावर भारत कोठे आहे? ऋतूंच्या प्रश्नात आपली भूमी निरुपयोगी नाही. जमिनीखाली पोहोचणाऱ्या म्यूऑन कणांची संख्या वरच्या वातावरणाच्या तापमानाबरोबर वर्षभर बदलते, आणि विषुववृत्ताजवळ हा बदल मध्य अक्षांशांपेक्षा कमी असतो. वार्षिक चक्राचा संशय तपासायला दक्षिण भारतातील खोल जागा हा एक स्वतंत्र साक्षीदार ठरला असता.

अशी जागा आपल्याकडे होती. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वैज्ञानिकांनी, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर १९६५ साली वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पाहिल्या. जगातल्या पहिल्या अशा नोंदींपैकी त्या होत्या. पुढे तेथेच प्रोटॉनच्या ऱ्हासाचा शोध घेतला गेला. चीनने २०१० साली जिनपिंग येथे २.४ किलोमीटर खोलीची प्रयोगशाळा उघडली, तेव्हा जगाने कौतुक केले. जवळपास तेवढ्या खोलीवर आपण ४५ वर्षे आधी काम करत होतो. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी कोलारचे प्रयोग थांबले, २००१ साली खाण बंद झाली आणि बोगद्यांत पाणी भरले.

‘खाण तोट्यात होती, मग करायचे काय?’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. अमेरिकेतील होमस्टेक ही सोन्याची खाणही परवडेनाशी होऊन बंद पडली आणि तिच्यातही पाणी भरले. तेथे पंप लावून पाणी उपसले गेले, आणि सुमारे दीड किलोमीटर खोलीवर आज द्रवरूप झेनॉनचा एलझेड हा डार्क मॅटरचा प्रयोग चालतो. कोलारचे खडक आज कितपत सुरक्षित आहेत, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. पण खाण बंद होताना तो राष्ट्रीय विज्ञानाचा प्रश्न म्हणून मांडला गेला नाही, हा दोष अभियंत्यांचा नव्हे.

दुसरी संधी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात होती. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये मान्यता दिली. खर्च सुमारे १५०० कोटी. प्रकल्प विरोधात आणि न्यायालयांत अडकला, आणि २०२२ साली राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात आपला विरोध नोंदवला. येथे विज्ञानप्रेमींना एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. स्थानिकांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पश्चिम घाटाच्या पोटात बोगदा खणणार असाल, तर पाणी, जंगल आणि सुरुंगांविषयी प्रश्न विचारणे हा तेथील माणसांचा हक्कच आहे. न्यूट्रिनो निरुपद्रवी असतो हे त्या प्रश्नांचे उत्तर नव्हे. लोकांच्या भाषेत, लोकांच्या अंगणात, प्रकल्पाची रेघ कागदावर ओढण्यापूर्वी जायचे असते. आपण ते उशिरा केले आणि त्याची किंमत मोजली.

उरते ते झारखंडमधील जादुगुडा. तेथील युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर साहा अणुभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने २०१७ साली भूगर्भीय प्रयोगशाळा सुरू झाली. अतितप्त द्रवाच्या थेंबांवर आधारित इंडेक्स हा डार्क मॅटरचा शोध तेथे चालतो. जगातली सर्वांत शांत जागा हवी असताना युरेनियमच्या खाणीत जावे लागणे, ही परिस्थितीची थट्टा आहे. तेथे काम उभे करणाऱ्यांची चिकाटी मात्र थट्टेचा विषय नाही. पण खडकातील किरणोत्सार शिसे आणि तांबे लावून अडवता येतो. म्यूऑन अडवायला वर खडकच लागतो. पुढच्या पिढीच्या प्रयोगांना ५५५ मीटर कमी पडतात.

‘गरीब देशाला हे परवडते का?’ असे विचारणाऱ्यांनी स्वतःचाच हिशेब तपासावा. २०२३ साली सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला सुमारे ६००० कोटी मंजूर केले. अतिवाहक क्यूबिट त्याच सहस्रांश अंशांच्या थंडीत, त्याच प्रकारच्या शीतयंत्रांत चालतात, आणि किरणोत्सार त्यांनाही बिघडवतो. जमिनीखाली नेल्यास अतिवाहक मंडले सुधारतात, हे ग्रान सासोतच दाखवले गेले आहे. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र प्रस्फुरक स्फटिक वाढवते, आणि टाटा संस्थेत कथिलाच्या अतिशीत डिटेक्टरवर काम झाले आहे. कौशल्य आहे आणि माणसेही आहेत. वर जाड खडक असलेली, कायमची, कोणत्याही खाणीच्या नफातोट्यावर न टांगलेली जागा तेवढी नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. कोलारसह उपलब्ध खोल जागांचे तांत्रिक मूल्यमापन व्हावे आणि ते जनतेसमोर यावे. निवडलेल्या जागेच्या लोकांशी संवाद पहिल्या दिवसापासून व्हावा. तोवर जादुगुडाला नियमित निधी मिळावा.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी ‘भारतीय शास्त्रज्ञांचा डंका’ वाचाल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. मग बातमीच्या खाली एक ओळ लिहा : स्फटिक कोणाच्या डोंगराखाली होता?