बाळंतपणाला जाताना ब्लेड कशाला?

विषय नाजूक आहे, आधीच सांगतो. वाचायला अवघड वाटत असेल तर पोस्ट इथंच सोडून पुढं गेलात तरी राग नाही. पण ज्यांच्या घरात लेकीला, सुनेला, बायकोला, वहिनीला सातवा-आठवा महिना लागलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि पुरुषांनी तर नक्की वाचा. कारण मेडिकलमधून ब्लेड आणायला शेवटी पळतो आपणच.

गरोदरपणात खालच्या भागाची स्वच्छता कशी ठेवायची आणि बाळंतपणाआधी तिथले केस काढायचे की नाही, हा आजचा विषय. "पत्रकाराला हे कशाला हवंय?" असं काही जण म्हणतील. रस्त्यातल्या खड्ड्यावर लिहितो, पाण्याच्या टाकीवर लिहितो, तसंच यावरही लिहितोय. सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये काय चालतं, हा सार्वजनिक प्रश्नच आहे.

आरोग्याच्या बातम्यांसाठी आशाताईंबरोबर वाड्या-वस्त्यांवर फिरणं होतं. एक जुनी आशाताई मला म्हणाली, "दादा, बीपी-शुगरचं मीच सांगते, बायका त्याचं काही विचारत नाहीत. नववा लागला की हळूच जवळ येतात आणि विचारतात, ताई, तिथले केस काढूनच जावं लागतं का? नाही काढले तर सिस्टर ओरडतात का?"

बाळंतपणाची एवढी मोठी वेळ तोंडावर आलेली, आणि भीती कसली? तर ओरडा खाण्याची.

याच ताईनं सांगितलेल्या दोन गोष्टी. एका पोरीनं नवव्या महिन्यात मोरीत बसून नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडनं केस काढले. एवढं पोट पुढं आल्यावर खालचं दिसतं तरी का? काप पडला. सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची लाज. आठवडाभरात तिथं गळू झालं आणि दवाखान्यात आली तेव्हा अंगात ताप होता. दुसरीला पहाटे कळा सुरू झाल्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं तिला आधी "नीट आवरून" यायला लावलं. त्या आवरण्यात तास गेला आणि बाळ रिक्षातच झालं. दोघी वाचल्या, बाळंही ठीक आहेत. पण दोन्ही ठिकाणी कारण तेच होतं.

आता मुद्द्याचं बोलू. नॉर्मल बाळंतपणासाठी केस काढायची काहीही गरज नाही. हे माझं मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी दिल्या, त्यांत स्पष्ट म्हटलंय की नॉर्मल प्रसूतीआधी सरसकट केस काढू नयेत. सरसकट एनिमाही देऊ नये. लांबचं कशाला, आपल्याच केंद्र सरकारनं २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांतही "हे सरसकट करू नका" या यादीत एनिमा आहे आणि शेव्हिंगही आहे.

म्हणजे कागदावर ही प्रथा कधीच बंद झाली. गावाकडच्या दवाखान्यापर्यंत तो कागद पोचलाय का, हा प्रश्न आहे.

मग ही प्रथा आली कुठून? केसांत घाण असते, त्यातून बाईला आणि बाळाला जंतुसंसर्ग होतो, अशी जुनी समजूत होती. शिवाय टाके घालायला सोपं जातं म्हणून डॉक्टरलाही बरं वाटायचं. संसर्गाची समजूत खरी आहे का, हे पुढं तपासलं गेलं. पहिली चाचणी १९२२ सालची, दुसरी १९६५ ची, तिसरी २००५ ची. तिन्ही मिळून १,०३९ बायका. केस काढलेल्या आणि न काढलेल्या बायकांमध्ये बाळंतपणानंतरच्या तापात म्हणावा असा फरक दिसलाच नाही. उलट केस काढलेल्या बायकांना नंतर खाज, आग, लालसरपणा असा त्रास झाल्याची नोंद आहे.

कारण साधं आहे. ब्लेड फिरलं की डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात. जंतूंना आत शिरायला तीच वाट मिळते. दाढी करताना गाल कापला की किती झोंबतं, हे आपल्याला माहीत आहे. इथं तर जागा सतत ओलसर, पुढं बाळंतपण, टाके, महिनाभर अंगावरून जाणार. त्यात केस परत उगवताना टोचतात ते वेगळंच. हे केस निसर्गानं उगाच दिलेले नाहीत. नाजूक कातडीला घासण्यापासून ते जपतात.

"पण सिझर असेल तर?" हा प्रश्न हमखास येतो. तिथंही घरून ब्लेड मारून यायचं नाही. ऑपरेशनच्या जखमेत संसर्ग होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलंय की केस काढूच नयेत. अगदीच आड येत असतील तर क्लिपरनं, म्हणजे मशीननं, बारीक करावेत. ब्लेडला सक्त नाही. आणि हे काम दवाखान्यातल्या माणसांचं आहे, पेशंटचं नाही.

मग संसर्ग येतो कुठून? याचं उत्तर जगाला पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिळालंय. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणी तापानं पटापट मरत होत्या. एका वॉर्डात एप्रिल महिन्यात १८ टक्क्यांच्या वर बायका गेल्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की प्रेतांची चिरफाड करून डॉक्टर तसेच बाळंतपण करायला येतात. त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. जूनपर्यंत तेच प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं. घाण बाईच्या अंगावर नव्हती, डॉक्टरांच्या हातावर होती.

आमच्या तालुक्याला हेच लागू करून बघा. बाईला विचारतो, "आवरून आलीस का?" पण लेबर रूमच्या नळाला पाणी आहे का, साबण आहे का, टेबल प्रत्येक बाळंतपणानंतर पुसलं जातं का, बाईला जायला पाण्याचा संडास आहे का, हे कोण विचारतं? ओपीडीच्या संडासाला कुलूप असलेले दवाखाने मी स्वतः बघितलेत. चार-चार तास रांगेत बसलेल्या गरोदर बाया लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो अंगावर काढला तर किडनीपर्यंत जातो, वेळेआधी कळाही येऊ शकतात. स्वच्छतेची काळजीच करायची तर आधी त्या कुलपाची करा.

सिस्टर, आया यांना झोडपायला मी ही पोस्ट लिहिलेली नाही. रात्रपाळीत एकटी सिस्टर आणि समोर तीन-तीन टेबलं, हेही बघितलंय. जुन्या शिक्षणात जे शिकवलं ते हात करत राहतात. आणि सगळीकडे असंच आहे असंही नाही. एका ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर मला म्हणाल्या, "आम्ही आता कुणाचेच काढत नाही. टाक्याच्या जागी आड आलेच तर कात्रीनं तेवढेच कापतो. काही बिघडत नाही." एका ठिकाणी जमतं तर दुसऱ्या ठिकाणी का जमू नये?

पण एक गोष्ट अजिबात खपवून घेऊ नये. कळा देणाऱ्या बाईला तिच्या अंगावरच्या केसांवरून टोमणे मारणं. "एवढं पण कळत नाही का?" हे वाक्य आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी टेबलावर झोपून ऐकलंय. ती बाई पुढच्या वेळी दवाखान्यात यायला नको म्हणते आणि आपण वर म्हणतो, बायका अडाणी आहेत.

आता घरी काय करायचं, ते सरळ सांगतो. हे सगळं मी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून लिहितोय.

रोजच्या अंघोळीत बाहेरचा भाग साध्या किंवा कोमट पाण्यानं धुवायचा. बस. आत बोट घालून धुणं, पिचकारी मारणं, डेटॉल-सॅव्हलॉनचं पाणी, सुगंधी वॉश यातलं काहीही नको. आतल्या भागात चांगले जंतू असतात, ते तिथं आंबटपणा टिकवतात आणि वाईट जंतूंना रोखतात. साबणानं आणि औषधांनी आधी तेच मरतात.

संडासनंतर धुताना हात पुढून मागं. मागून पुढं नाही. ही एक सवय लघवीचा अर्धा त्रास वाचवते, असं समजा. चड्डी सुती आणि सैल, रोज बदललेली, आणि शक्यतो उन्हात वाळवलेली. आपल्याकडे बायकांचे आतले कपडे साडीखाली लपवून दमटच वाळतात. दोरीवर जरा मोकळी जागा द्या, आभाळ कोसळणार नाही.

केसांचा त्रास वाटत असेल, घाम येतो, चिकटतं, तर छोट्या कात्रीनं बारीक करता येतात. पोट आड येतं म्हणून एकटीनं धडपड करू नका, विश्वासातल्या कुणाची मदत घ्या. नको वाटलं तर नका कापू. रेझर टाळा. दुसऱ्याचं वापरलेलं ब्लेड तर चुकूनही नको, नवऱ्याचं सुद्धा नाही. रक्तातून पसरणारे कावीळ बी सारखे आजार त्यातून येतात. केस काढायची क्रीम नाजूक जागी भाजते, पुरळ उठतो. तीही नको.

अंगावरून पातळ, पांढरं, वास नसलेलं जाणं गरोदरपणात वाढतं. तो आजार नाही. पण दह्यासारखं जाऊन खाज सुटली, घाण वास आला, हिरवट-पिवळं गेलं, किंवा लघवीला आग होऊन ताप आला, तर डॉक्टरकडे जा. "उन्हाळी लागली असेल" म्हणून धण्याचं पाणी पीत बसू नका आणि मेडिकलवाल्याकडून मलमही आणू नका. पाण्यासारखं एकदम गेलं किंवा रक्त दिसलं, तर मात्र आवरत बसायचं नाही. तशीच गाडीत बसवायची. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं. अंघोळ राहिली तरी चालेल.

आणि नवरे मंडळी, तुमच्यासाठी एक वेगळं. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. बाळंतपण, सिझर, औषधं, लागणारं सामान, सगळं मोफत. बाहेरून आणायच्या चिठ्ठीवर ब्लेड लिहून दिलं तर शांतपणे विचारा, "सिस्टर, हे कशासाठी? सरकारच्या सूचनेत तर शेव्हिंग नको म्हटलंय ना?" भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नुसतं विचारायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तेव्हाच हे विचारून ठेवलंत तर ऐन कळांच्या वेळी वाद नको. आणि ऐकूनच घेतलं नाही, तर तक्रारीला १०४ नंबर आहे.

आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडे माझ्या तीन मागण्या आहेत. लेबर रूमच्या बाहेर मराठीत मोठ्या अक्षरात पाटी लावा: "बाळंतपणासाठी केस काढून येण्याची गरज नाही." गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी संडास उघडा आणि पाण्याचा ठेवा. आणि आशाताईंच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या, म्हणजे त्या गावात जाऊन ठामपणे सांगू शकतील. पाटीला फार तर पाचशे रुपये लागतील. समितीकडे तेवढे नसतील तर मी देतो, मला फोन करा.

नवव्या महिन्यातल्या बाईनं दवाखान्याची पिशवी भरताना त्यात बाळाची दुपटी, स्वतःचे सुती कपडे, पॅड, तपासणीचं कार्ड आणि आधार ठेवावं. ब्लेड नको. ही पोस्ट तुमच्या गावच्या आशाताईला पाठवा आणि घरात आईला, सासूबाईंना वाचून दाखवा. वाचून दाखवायला लाज वाटली तर मोबाईल हातात द्या आणि बाहेर जाऊन बसा.